सहावीला मुलांच्या निवासी सैनिकी शाळेत घालावं का? रिझल्ट चांगलाय पण रात्रीची काळजी वाटते

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या. मुलगा आत्ता पाचवीत आहे, झेडपीची शाळा, स्कॉलरशिपचा अभ्यास चालू आहे. सासरे आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, त्यांची इच्छा आहे की नातवाला सहावीपासून फक्त मुलांच्या खासगी सैनिकी शाळेत टाकायचं, तिथंच राहून शिकायचं. शाळा घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. दहावीचा रिझल्ट सलग १००%, भिंतीवर एनडीएत (सैन्यात अधिकारी व्हायचं शिक्षण देणारी खडकवासल्याची प्रबोधिनी) गेलेल्या मुलांचे फोटो, मोठं ग्राउंड, घोडे पण आहेत. मुलगा फोटो बघून हुरळलाय. दुसरा ऑप्शन सांगलीतली साधी खासगी शाळा, रोज बसने जाऊन येऊन, रिझल्ट बरा, नाव फार मोठं नाही.

माझा जीव अडकलाय तो रात्रीत. दिवसा काय होतं ते सगळे दाखवतात, पण रात्री आठ ते सकाळी सहा शंभर पोरं आणि त्यांच्यावर कोण? आमचा अजून अधूनमधून अंथरुण ओलं करतो, घरात सोडून कुणाला माहीत नाही. मी हे बोलले की घरात सगळे म्हणतात तू त्याला मऊ करून ठेवशील. अभ्यास बघायचा की सुरक्षितता, आणि शाळा बघायला गेल्यावर नक्की काय विचारायचं, ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.

पंचगंगा_७
ताई, मी स्वतः सहावी ते दहावी अशाच एका शाळेत काढलीत, नाव नाही लिहीत. आधी चांगलं सांगतो. गणिताचे सर असे होते की आज मी इंजिनियर आहे ते त्यांच्यामुळेच. पहाटे उठायची सवय, मैदान, मित्र, सगळं खरं.

आता दुसरं. आमच्या डॉर्मिटरीत सहावीची पोरं आणि नववी-दहावीचे सीनियर एकाच मजल्यावर होते आणि रेक्टरची खोली खाली ऑफिसजवळ. लाइट गेले की सीनियर उठवायचे, पाय चेपून घ्यायचे, चड्ड्या धुवायला लावायचे, नाही म्हटलं तर कॉरिडॉरमध्ये तासभर कोंबडा. एकाला जे झालं ते मी इथं लिहू शकत नाही. घरी कुणीच सांगितलं नाही, कारण फोन रेक्टरसमोर बसूनच करायचा आणि महिन्यातून एकदा आईबाबा यायचे दोन तास, आई माझा युनिफॉर्म बघून इतकी खूश व्हायची की तोंडच उघडायचं नाही माझं.

म्हणून सांगतो, मेस आणि ग्राउंड ते दाखवतीलच, तुम्ही झोपायची खोली बघा. सहावीची पोरं वेगळी झोपतात का, त्याच मजल्यावर मोठं माणूस झोपतं का, रात्री किती वाजता राउंड होतो, संडास-बाथरूम किती लांब आणि तिथं लाइट असतो का, आतून कडी लागते का. आणि अंथरुणाचं मुद्दाम विचारा. आमच्यात एकाची गादी सकाळी सगळ्यांसमोर उन्हात टाकायचे, तो दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलाच नाही. चांगली शाळा असेल तर मेट्रन शांतपणे सांगेल की आम्ही चादर गुपचूप बदलतो, अशी दोन-चार पोरं दरवर्षी असतात. हसले किंवा "सवय लावू आम्ही" म्हणाले तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

खडू_फळा
मी माध्यमिकला शिकवते, १९ वर्षं झाली. आधी त्या १००% रिझल्टचं बोलते. कच्च्या पोरांना नववीतच दाखला देऊन घालवतात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवतात, मग रिझल्ट शंभर टक्केच लागणार ना. त्यामुळे टक्के विचारू नका, आठवीत किती पोरं होती आणि त्यातली दहावीला शाळेच्या नावावर किती बसली ते विचारा. गणित-सायन्सचे शिक्षक किती वर्षांपासून आहेत ते पण विचारा, दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर फोटोंचा काय उपयोग. आणि जे पोर रात्री घाबरून झोपतच नाही ते सकाळी वर्गात पेंगतं, मी बघितलीत अशी पोरं. त्यामुळे अभ्यास की सुरक्षितता हे मला दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत.

मुलगा आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, याचा मला फार राग येतो. केंद्र सरकारचा २००७ चा बाल अत्याचाराचा अभ्यास होता, त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये ५२.९४% मुलगे होते. निम्म्याहून जास्त! मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा (२०१२) मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे, आणि असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मारण्यावर तर शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ नेच बंदी आहे, शिस्तीच्या नावाखाली काहीही चालत नाही. रॅगिंगबंदी कायदा आपल्याकडे १९९९ पासून आहे.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. त्यामुळे कॅमेरे सगळेच दाखवतात, तुम्ही विचारा फुटेज बघतं कोण. तक्रारपेटी कुलूपबंद असते, किल्ली कुणाकडे? सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) पालक कोण आहे, त्यांचा नंबर द्या म्हणा. मेसवाले, वॉचमन, ड्रायव्हर यांची पोलिस पडताळणी झालीय का, कागद दाखवा म्हणा. चांगल्या मुख्याध्यापकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

बुलडाणेकर_बाबा
थोडी दुसरी बाजू. माझा पोरगा निवासी शाळेतच आहे, आता आठवीत. पहिला महिना रोज रडला, मी पण गाडीत बसून रडलोय. पण आज तो सुट्टीत घरी आला की चार दिवसांत म्हणतो मला सोडा परत. त्यांच्याकडे सहावी-सातवीचं होस्टेल वेगळ्या बिल्डिंगमध्ये आहे, आठवड्यातून दोनदा पोरं स्वतः फोन लावतात, जवळ कुणी उभं राहत नाही. १०९८ चा (मुलांच्या मदतीची हेल्पलाइन) बोर्ड फोनच्या वरच लावलाय. त्यामुळे सगळ्याच शाळा वाईट असं समजून घाबरू नका. फक्त वीकडेला, न सांगता जा. पालकसभेच्या दिवशी सगळंच चकाचक असतं.

सागरी_सलाम
नेव्हीतून रिटायर आहे. एनडीएसाठी सहावीपासून होस्टेल पाहिजेच हा गैरसमज आहे. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते आणि ती बारावीच्या टप्प्यावर असते. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) आहे, १९७७ पासून, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत पास झालात की दोन वर्षं तयारी करून घेतात. साताऱ्याच्या सैनिक स्कूलला (१९६१ ची, देशातली पहिली) नववीला पण प्रवेश मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, सहावीचा पेपर मराठीत देता येतो, नववीचा इंग्रजीतच असतो. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं "नको" म्हणू शकतं आणि घरी येऊन सांगू पण शकतं, दहा वर्षांच्याला ते फार अवघड जातं.

द्राक्षबाग_तासगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. काल, बुधवारी, न सांगता जाऊन आलो. सासरे पण आले. ऑफिसमध्ये आधी मेरिटचा बोर्डच दाखवला. झोपायची खोली बघायची म्हटल्यावर "पालकांना आत परवानगी नाही" म्हणाले, खूप वेळ थांबल्यावर एकाने नेलं. १२० पोरांना एक रेक्टर, झोपतो तळमजल्यावर. सहावी आणि नववी एकाच हॉलमध्ये, मध्ये नुसती कपाटं. अंथरुणाचं विचारलं तर म्हणाले, "इथं आला की आठ दिवसांत बंद होईल." आठवीत ६२ पोरं होती, दहावीला बसली ४१, बाकीची कुठं गेली ते कुणी नीट सांगेना.

येताना गाडीत सासरे बराच वेळ गप्प होते. मग मिरजेच्या पुढं आल्यावर म्हणाले, "आमच्या बराकीत सुद्धा रात्रभर संत्री असायचा गं." तेवढंच बोलले. घरी आल्यावर पोराला त्यांनीच समजावलं की आत्ता सांगली, नववीला परत बघू.

तर आता सांगलीच्या शाळेची बस बघायचीय, अटेंडंट असतो का वगैरे. आणि सागरी दादा, नववीचा पेपर इंग्रजीत असतो म्हणालात, मराठी माध्यमाच्या पोराची तयारी सहावीपासून कशी करून घ्यायची? गणिताचे शब्द इंग्रजीत आले की अडतो तो.