गावात नॅलॉक्सोन (अफूच्या जातीची नशा जास्त झाली की मंदावलेला श्वास परत आणणारं औषध) ठेवायचं तर काय काय लागेल?

यवतमाळकडच्या एका तालुक्यात काही पोरं ट्रॅमाडॉल (अफूसारखंच काम करणारी वेदनाशामक गोळी) आणि ब्राऊन शुगर (हेरॉईन) घेतात. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) २० किमीवर. आशाताईंकडे नॅलॉक्सोन ठेवायचं तर कसं?

उत्तर १
भाऊ, आधी डॉक्टरांची चिठ्ठी, कारण हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. एका पिशवीत ०.४ मिग्रॅचे किमान ३ अँप्यूल (औषधाच्या काचेच्या कुप्या), २ मिलीच्या तितक्याच सिरिंज, सुया आणि हातमोजे. अँप्यूल फोडण्याआधी टिचकी मारा, औषध मानेत अडकून राहतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा डोस. तोवर दर ५ सेकंदाला तोंडाने एक श्वास. माणूस ऑक्सिजनविना मरतो, हे लोक विसरतात. १०८ ला फोन सुरुवातीलाच.

उत्तर २
आपल्याकडे खरी फसगत वेगळीच. फवारणीच्या दिवसांत डोळ्याची बाहुली टाचणीएवढी दिसली की अफूच असं नाही, कीटकनाशकाची विषबाधाही तशीच दिसते. तोंडाला फेस, घाम, फवारणीच्या औषधाचा वास असेल तर नॅलॉक्सोन कामाचं नाही. तिथं दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन लागतं.

उत्तर ३
अल्प्राझोलमच्या (झोप आणणाऱ्या) गोळ्याही घेतल्या असतील तर शुद्ध येईलच असं नाही. श्वास चालू झाला की पुरे, डोस चढवत बसू नका. ट्रॅमाडॉलमध्ये झटकेही येऊ शकतात. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं, नशा त्याहून लांब. उठून बसला म्हणून घरी धाडू नका. अन् मे महिन्यात पिशवी टिनाच्या छपराखाली नको.