लाल मातीची वाट: कोणी कोणी केलीये?

फोनमधले जुने फोटो उडवायला बसले आणि अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या व्हॅली ऑफ द गॉड्सपाशी अडकले. हायवे १६३ वरून वळलो की डांबर संपतं. पुढे १७ मैल कच्चा रस्ता, दोन्हीकडे लाल सुळके. तिकीट नाही, फाटक नाही. नवरा चालवत होता, सासूबाई पुढे. दर वळणाला "थांबव रे जरा" आणि काच खाली! सगळी धूळ आत. पण त्यांना इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लिहा तुमचेही अनुभव.

धूमकेतू: आम्ही पुढे मोकी डगवे हा घाट चढलो. तीन मैल, ११ टक्के चढ, बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. १९५० च्या दशकात युरेनियमचं खनिज ट्रकने खाली आणायला कोरलेला घाट. भरलेले ट्रक उतरवणाऱ्यांना दंडवत!

निवांत: पावसाचा अंदाज बघूनच जा. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग भरून येतात. ती माती भिजली की फोर बाय फोरसुद्धा घसरते. आणि डोक्यावर ऊन असलं तरी लांब पडलेल्या पावसाचा लोंढा ओढ्यात येतो.

चाफेकळी: मॉन्युमेंट व्हॅलीचा फेरापण १७ मैलच ना? तो नावाहो या तिथल्या मूळ रहिवाशांचा, तिकीट आहे. आमच्या गाईडकाकांनी खडकाच्या घुमटाखाली बासरी वाजवली, मी रडलेच. बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय

निवांत: घड्याळ सांभाळा तिकडे. ॲरिझोनात उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) नाही, नावाहो भागात आहे. फोन सारखा तास बदलतो.

टिंग्या: भाड्याची गाडी चालते का?

धूमकेतू: करार वाच आधी. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्याला मनाई करतात, टायर गेला तर खर्च तुझा. व्हॅली ऑफ द गॉड्स कोरडी असेल तर साधी कारपण सावकाश जाते.

ओवी: फोटोसाठी रस्ता सोडून मातीवर पाय देऊ नका प्लीज. तो काळपट खडबडीत थर जिवंत असतो, तुडवला की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. फार जीव तुटतो बघून.

चाफेकळी: आले परत. सासूबाईंचा गुडघा कसा आहे गं आता?

धागाकर्ती: ऑपरेशन झालं, जिना चढतात! आता कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमधला शेफर ट्रेल, तो कड्याकडचा कच्चा घाटरस्ता, करायचा म्हणतायत.

धूमकेतू: मग कड्याच्या बाजूला बसवू नका. आणि समोरून चढती गाडी आली की उतरणाऱ्याने थांबायचं, नवऱ्याला सांगून ठेव.