मदत हवी आहे: बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेममधील एक्सल व बेअरिंगचा भाग) घरी बदलताना उजवा कप सुटत नाही

नमस्कार,

माझ्याकडे ॲल्युमिनियम फ्रेमची, पुढे तीन चेनरिंग असलेली हायब्रिड सायकल आहे. मी रत्नागिरीत राहतो, त्यामुळे ती पावसाळ्यात पाण्यात आणि एरवी खाऱ्या हवेत चालते. यंदाच्या पावसानंतर चढावर जोर लावला की पायांखाली कटकट आवाज येऊ लागला. आधी पेडल बदलून पाहिली, मग सीटपोस्ट काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवला, तरी आवाज गेला नाही. शेवटी चेन चेनरिंगवरून खाली उतरवून क्रँक (पेडलचा दांडा) नुसता हाताने फिरवला, तेव्हा जात्यात वाळू पडल्यासारखी खरखर बोटांना स्पष्ट जाणवली. डावा क्रँक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर ढकलला तर उजवाही तेवढाच हलतो. एकच क्रँक हलला असता तर तो एक्सलवर सैल झाला आहे असे म्हणता आले असते. दोन्ही एकदम हलतात त्या अर्थी बॉटम ब्रॅकेटचे बेअरिंगच गेले आहे, असा माझा निष्कर्ष आहे.

सायकलला चौकोनी टोकांच्या एक्सलचा बंद कार्ट्रिज (एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेला नळीसारखा संच) बसवलेला आहे. क्रँक पुलर आणि वीस खाचांचे बीबी (बॉटम ब्रॅकेट) टूल मी मागवून घेतले. पुलरने दोन्ही क्रँक विनासायास निघाले. डावीकडचा प्लास्टिकचा कप (कार्ट्रिज फ्रेममध्ये धरून ठेवणारी आट्यांची कडी) घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यावर सुटला. उजवीकडचा लोखंडी कप मात्र हलायला तयार नाही, आणि जोर वाढवला की टूल खाचांतून वर निसटते. येथील सायकल दुरुस्तीच्या दुकानात कॉटर पिनच्या सायकलींचे काम उत्तम होते, परंतु कार्ट्रिजचे टूल तेथे नसल्याने छिन्नी-हातोडीने कप फिरवावा लागेल असे सांगण्यात आले. फ्रेमचे आटे खराब झाले तर फ्रेमच निकामी होईल, म्हणून तो मार्ग मला नको आहे.

शेलची (फ्रेममधील ज्या नळीत कार्ट्रिज बसतो तिची) रुंदी व्हर्निअरने मोजली, ती 68 मिमी भरली. अशा शेलमध्ये उजव्या कपाचे आटे उलटे असतात हे खात्रीने धरून चालावे का? टूल निसटू नये म्हणून ते कसे जखडावे, आणि फ्रेम गरम करणे सुरक्षित आहे का? जुना एक्सल टोकापासून टोकापर्यंत 122.5 मिमी आहे, पण मला सध्या 118 मिमीचा कार्ट्रिज मिळतो आहे. तो चालेल का? नवीन बसवताना ग्रीस नेमके कोठे लावावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद:

तुमचे निदान बरोबर आहे. 68 मिमी शेल म्हणजे 1.37 इंच व्यासाचे, इंचाला 24 आटे असलेले इंग्लिश माप. त्यात उजव्या कपाचे आटे उलटेच असतात. म्हणजे सायकलच्या उजव्या बाजूला समोर उभे राहून कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की तो सुटतो. दोन्हीकडे सरळ आटे असणाऱ्या इटालियन मापाचे शेल 70 मिमी असते, त्यामुळे तुम्ही रुंदी मोजलीत तेथेच शंका मिटली.

डावा कप निघाला आहे याचा आता फायदा घ्या. सायकल उजव्या कुशीवर आडवी करा आणि डाव्या तोंडातून गंज सोडवणारे तेल आत सोडा. ते कार्ट्रिजच्या अंगावरून ओघळत थेट अडकलेल्या आट्यांपर्यंत जाईल. रात्रभर तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी टूल खाचांत पूर्ण बसवून त्यावर मोठा वॉशर ठेवा आणि क्रँकचाच बोल्ट एक्सलमध्ये घट्ट करा, म्हणजे टूलला वर उचलले जायला जागाच उरत नाही. कप सुटल्याचे जाणवताच मात्र बोल्ट थोडा सैल करायला विसरू नका. माझ्या मते या कामातील निम्मे यश या एका वॉशरवर अवलंबून आहे. खाचा एकदा झिजल्या की पुढचे सगळेच अवघड होते.

हे कार्ट्रिज मुळातच 50 ते 70 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळलेले असतात, शिवाय ॲल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकत्र राहिले की त्यांच्यामध्ये क्षार धरतो. आखूड पान्याने ते सुटणार नाही. पान्यावर साधारण 60 सेंटिमीटरचा पाइप चढवा आणि झटका न देता सावकाश जोर लावा. शेगडा (टेबलाला जखडलेला व्हाइस) उपलब्ध असेल तर टूल त्यात पकडून सायकलची फ्रेमच फिरवणे अधिक सोपे जाते. उष्णतेचा उपयोग होतो, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मात्र शेलभोवती उकळत्या पाण्यात भिजवलेला कपडा गुंडाळणे पुरेसे आहे. गॅसच्या ज्योतीने रंग जळतो आणि ॲल्युमिनियमची मजबुतीही कमी होते, म्हणून ती वापरू नका.

118 मिमीचा घेऊ नका. चेनरिंग सव्वादोन मिमी आत येतील, मग आतली चेनरिंग चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासण्याची शक्यता असते आणि पुढचा डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नव्याने लावावा लागतो. 122.5 मिमी हे सहज मिळणारे माप आहे, थोडे थांबा. ग्रीस फ्रेमच्या आट्यांना दोन्ही बाजूंनी भरपूर लावा. एक्सलची चौकोनी टोके मात्र मी स्वच्छ पुसून कोरडीच ठेवतो.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. तेल, वॉशर आणि पाइप यांनी काम झाले. गरम करण्याची वेळच आली नाही. कप निघाल्यावर शेलमधून तांबूस पाणी बाहेर आले. शेलच्या तळाशी एक लहान छिद्र चिखलाने बुजलेले दिसले, ते तारेने मोकळे केले आहे. ते उघडे ठेवावे की बंद करावे?

प्रतिसाद:

उघडेच ठेवा. सीटपोस्टच्या बाजूने फ्रेममध्ये उतरणारे पाणी तेथूनच बाहेर पडते. नवा कार्ट्रिज बसवण्यापूर्वी शेल आतून पुसून पूर्ण वाळवा, उजवी बाजू आधी पूर्ण आवळा, आणि डावा प्लास्टिकचा कप पहिले काही आटे हातानेच फिरवा. तो सरळ जात नसेल तर पाना लावण्याऐवजी काढून पुन्हा सुरुवात करा.