महापालिकेची वेबसाइट ज्येष्ठांना, दिव्यांगांना वापरता यावी यासाठी पाठपुरावा कसा करावा?

संघ_सचिव: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात काही सभासद दृष्टिबाधित आहेत, काहींचे हात थरथरतात. मालमत्ताकर भरताना चित्रातला कॅप्चा अडवतो, ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपते. 'साइट सोपी करा' असं सह्यांचं निवेदन दिलं. पोच मिळाली, पुढे काही नाही. आता काय करावं?

टॉकबॅक_तपासनीस: 'सोपी करा' एवढ्यावर कुणालाच काम करता येत नाही. एकच काम धरा, कर भरणं, आणि कुठल्या पायरीवर काय अडतं ते पुराव्यानिशी लिहा. अँड्रॉइडवर टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून वाचणारा स्क्रीन रीडर) चालू करून स्क्रीन रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये टॉकबॅकचा आवाज बरेचदा येतच नाही, म्हणून त्याच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये जाऊन उच्चार पडद्यावर लिहून दाखवायचा पर्याय चालू ठेवा. मग 'पैसे भरा'च्या जागी नुसतं 'लेबल नसलेलं बटण' म्हटलं जातंय, हे अधिकाऱ्यालाही वाचता येतं.

टॉकबॅक न वापरणाऱ्यांसाठी फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून तोच फॉर्म भरा. खालचं बटण कापलं गेलं तर स्क्रीनशॉट घ्या. डब्ल्यूसीएजी २.१ या वेबसाइट सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीनुसार मजकूर २०० टक्के मोठा करूनही सगळं वापरता यायला हवं आणि साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा.

सूचनांच्या पीडीएफही तपासा. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. निवडताच आला नाही तर ते स्कॅन आहे. 'Eg' छापाची इंग्रजी अक्षरं उमटली तर जुना, युनिकोड नसलेला मराठी फॉन्ट वापरलाय. डोळ्यांना ते पान स्वच्छ मराठी दिसतं, स्क्रीन रीडर मात्र अर्थहीन अक्षरं वाचतो. मराठी कार्यालयांतला हा रोग फार जुना आहे आणि त्याबद्दल कुणी तक्रारच करत नाही.

कायदा_कट्टा: अर्ज दिव्यांग सभासदाच्या नावाने करा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा. नुसतं वय झालं म्हणून दिव्यांग हक्क कायदा, २०१६ लागू होत नाही. त्या कायद्याच्या कलम ४२ आणि ४६ चा उल्लेख करा. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून निकाल जोडा: डिजिटल सुविधा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ खालचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यात ज्येष्ठांचाही विचार आहे, म्हणून संघाचं स्वतंत्र पत्र सोबत असू द्या.

महापालिका दाद देत नसेल तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे (कार्यालय पुण्यात) जा. त्यांनी शिफारस केली की दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि शिफारस मानली नाही तर कारण द्यावं लागतं. बँकेच्या अॅपबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे; ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

त्याच वेळी माहिती अधिकारात १० रुपये भरून साइटच्या शेवटच्या सुगम्यता तपासणीच्या अहवालाची प्रत मागा.

टॉकबॅक_तपासनीस: एक राहिलं. उत्तरादाखल कोपऱ्यात 'A+ A-' आणि रंग बदलायचं बटण चिकटवतील. त्याने लेबल नसलेलं बटण बोलू लागत नाही, कॅप्चाही तसाच राहतो. तेव्हा आवाजी कॅप्चा किंवा कॅप्चाशिवाय पर्याय, वेळ वाढवून घ्यायची सोय आणि बदलांची चाचणी अंध वापरकर्त्यांकडून, या तिन्ही मागण्या तारखेसह लेखी मागा. चाचणीत अंध व्यक्ती असाव्यात हे त्याच निकालात आहे.