आठवड्याचं सूप रविवारीच करून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर चालेल का?

गोडोलीची_लेक

नमस्कार मंडळी. आप्पांचे उरलेसुरले सगळे दात काढले. कवळी बसेपर्यंत पातळ आणि मऊच खायचं. ते साताऱ्यात एकटे, मी पुण्यात नोकरीला. शनिवारी रात्री घरी येते आणि सोमवारी पहाटेची एसटी पकडते. कामाच्या मावशी भाकरी-भाजी झकास करतात, पण सूप म्हटलं की "ते हाटेलातलं मला न्हाई जमायचं."

आप्पांना चालतं ते एवढंच: टोमॅटोचं सार, तांबड्या भोपळ्याचं सूप, शेवग्याच्या शेंगांचं सूप आणि मटणाचं अळणी. अळणी दिलं की वाटी घासायचं कामच उरत नाही. रविवारी सगळं एकदम करून गोठवायचा विचार आहे. फ्रिज जुना, एका दाराचा. कप्पा एवढासा. पावसाळ्यात वीज जाते ती वेगळीच. कशात भरू, किती दिवस टिकेल, दूध-साय आधीच घालू का? मायक्रोवेव्ह घरात नाही आणि आप्पा आणूही देणार नाहीत.

मिरजेची_सून

ताई, मी मिरजेत दवाखान्यातल्या पेशंटना डबे देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कप्पा लहान आहे ना, मग त्यात पाणी कशाला गोठवता? गर गोठवा. भोपळा कांदा-लसणाबरोबर कुकरला लावायचा, पाणी अगदी थोडं, आणि घट्ट वाटून ठेवायचा. गरम करताना पाणी घालून पाहिजे तेवढं पातळ करा. निम्म्या जागेत दुप्पट वाट्या बसतात. टोमॅटोचंही तसंच. शेंगा उकडून, गर काढून, गाळून घ्या. एक जरी धागा राहिला तरी हिरड्यांना लागतो.

दूध, साय, नारळाचं दूध, कॉर्नफ्लोअर यांतलं काहीही आधी घालू नका. गोठवून परत वितळलं की दूध फाटल्यासारखं दिसतं आणि कॉर्नफ्लोअर पाणी सोडतं. बटाटाही नको, रवाळ होतो. दाटपणा हवा तर मूठभर मूगडाळ भोपळ्याबरोबरच शिजवा. जिरं-हिंगाची तुपातली फोडणी मात्र रोज ताजी. त्या वासानेच माणूस ताटावर येतो, आणि तेवढं मावशींना सांगावंही लागणार नाही.

अळणीला नळ्या मागून घ्या. आलं-लसूण, हळद, मीठ, बास. मटण मऊ शिजलं की रस्सा गाळून घ्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये खाली ठेवा. सकाळी वर चरबीचा थर येतो, तो काढायचा. खालचं खरवसासारखं थलथलीत झालेलं असेल. आप्पांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर खराब झालं म्हणून मोरीत ओततील. ते हाडांतलं सत्त्व आहे, गरम केलं की पातळ होतं.

सगळ्यात महत्त्वाचं निववणं. रटरटतं पातेलं ओट्यावर झाकून झोपायचं नाही. परातीत गार पाणी आणि बर्फ घ्या, त्यात पातेलं बसवा आणि ढवळत राहा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. भरायला झाकणाचे छोटे स्टीलचे डबे किंवा जाड झिपलॉक पिशव्या. पिशवी आडवी ठेवून गोठवली की पाटीसारखी चपटी होते आणि एकावर एक रचता येते. बोटभर जागा रिकामी सोडा, पाण्याचं बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. काचेची बरणी नकोच.

शुद्ध_सातारी

वडिलांना आठवडाभराचं शिळं घालायचं? सकाळी दहा मिनिटं काढली तर ताजं होतं की.

मिरजेची_सून

कोण काढणार दादा? ती पुण्यात आहे.

कराडचा_फ्रिजवाला

आधी फ्रिज बघा, मग सूप. काही फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या झाकणावर चांदण्या असतात. एक म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. बाहेर दारावरच्या स्टिकरवरच्या चांदण्या विजेच्या बचतीच्या, त्यांचा इथं काही संबंध नाही. गिऱ्हाईक हमखास तिथंच गोंधळतं. उणे १८ ला सूप दोन-तीन महिने चांगलं राहतं. चांदणी एकच असेल, नाहीतर आइस्क्रीम मऊ पडत असेल, तर आठवड्याचंच करा आणि अळणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपवा.

दारात नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय, बदलून घ्या. कप्प्यात बर्फाचा जाड थर साचू देऊ नका.

विजेसाठी एक युक्ती. वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी कप्प्यातच राहू द्या. रविवारी आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बुडालं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलंय, ते टाकून द्या. भरलेला मोठा फ्रीझर बंद ठेवला तर ४८ तास तग धरतो, पण तो हिशोब तुमच्या छोट्या कप्प्याला लावू नका.

कोरेगावकर

वाघ्या घेवडा कसा विसरलात? आमच्या कोरेगावचा, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला! रात्री भिजत घाला, ते पाणी फेकून द्या, कुकरला अगदी मऊ शिजवा. घेवडा कच्चट राहिला तर पोट बिघडतं. वाटून गाळलं की झकास दाट सूप होतं आणि गोठवून चवही बिघडत नाही. पोटाला आधार राहतो, नाहीतर नुसत्या भोपळ्यावर म्हातारा माणूस वाळतो.

गोडोलीची_लेक

सगळ्यांचे आभार. कोरेगावकर, घेवडा आप्पांचा जीव की प्राण, सुचलंच नव्हतं. आता एकच: सोमवारी आणि गुरुवारी मटण वर्ज्य. गोठल्यावर पिशव्या ओळखायच्या कशा, चष्मा तर सापडत नसतो. आणि गरम कसं करायचं?

मिरजेची_सून

अळणी स्टीलच्या डब्यात आणि बाकी सगळं पिशवीत, म्हणजे हाताला कळतं. आदल्या रात्री एक नग खालच्या कप्प्यात उतरवायचा. विसरले तर पिशवी पाण्यात धरून गठ्ठा सोडवायचा, पातेल्यात थोडं पाणी आणि मंद गॅस. खळखळून उकळी आलीच पाहिजे, मग कोमट करून प्यायचं. उरलं तर परत गोठवायचं नाही. आणि दात काढून चार दिवसच झाले असतील तर स्ट्रॉ देऊ नका. ओढून प्यायलं की जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. चमच्यानेच द्या.