शेंगेन व्हिसावर आई-बाबांचे ९० दिवस कसे मोजायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही म्युनिकला राहतो. आई-बाबांकडे दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) आहे. उन्हाळाभर इथे राहून ते गणपतीच्या तोंडावर पुण्याला परतले. आता डिसेंबरात बायकोची डिलिव्हरी आहे, म्हणून दोघांना पुन्हा बोलवायचंय.

पुण्यातला एजंट छातीठोकपणे सांगतो, "बाहेर पडून परत आलं की नव्याने ९० दिवस मिळतात." हे साफ चूक आहे, एवढं कळतं. कुठल्याही १८० दिवसांत सगळ्या शेंगेन देशांत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि ही १८० दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. मधे ताईकडे झुरिकला राहिले तेही त्यातच गेले. (लंडनला गेले असते तर ते दिवस मोजले नसते, पण ताई झुरिकलाच!)

अडलंय ते पुढे. डिसेंबरात उतरतील तेव्हा थोडेच दिवस शिल्लक असतील. पण ते इथे असतानाच उन्हाळ्यातले जुने दिवस चौकटीतून गळत जातील. मग सलग राहता येईल ना? युरोपियन कमिशनच्या कॅल्क्युलेटरवर तारखा टाकल्या, हिशोब जुळतोय. धास्ती आहे ती विमानतळावरची. परतीचं तिकीट फेब्रुवारीचं बघून अधिकाऱ्याने हटकलं तर आई गडबडून जाईल. १२ ऑक्टोबर २०२५पासून ईईएस (सीमेवर येण्या-जाण्याची डिजिटल नोंद ठेवणारी युरोपची नवी यंत्रणा) सुरू झाल्यावर असं कोणी आलंय का? हिशोबाची प्रिंट सोबत दिलीत का? मुदतवाढ गंभीर कारणांशिवाय मिळत नाही, तो मार्ग सुचवू नका. शक्यतो स्वतःच्या आई-वडिलांना असं आणलेल्यांनीच सांगा, एजंटांची मतं भरपूर ऐकून झालीत.