मदत हवी आहे: 17 च्या आकड्याचं चक्र जुळत नाही, शेवटी शून्य येतं

चिऊची_आई: मुलीचं शनिवारी गणित प्रदर्शन आहे, तक्ता अजून कोरा. 1 ला 17 ने भागून येणाऱ्या 588235294117647 ला 2 ने गुणलं की तेच अंक त्याच क्रमाने फिरून यायला हवेत ना? माझ्याकडे शेवटी शून्य येतं. 3 ने गुणलं तरी शून्य. 17 ने गुणल्यावर सगळे 9 हवेत, तिथे 1 आणि पुढे सोळा शून्यं! आकडाच चुकलाय का? लवकर सांगा.

पाटीपेन्सिल: गुणाकार कशावर करताय?

देवळालीकर: एवढा लांब आकडा कशाला? 142857 घ्या. 2 ते 6 कशानेही गुणा, अंक फिरतात. 7 ने गुणा, 999999. शिवाय ती आपल्या गणितज्ञ कापरेकरांची संख्या, वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच परत येते: वर्ग 20408122449, आणि 20408 + 122449 = 142857!

चिऊची_आई: 142857 वर्गातल्या तिघांनी घेतलाय, बाईंनी हिला 17 चा दिला. एक्सेलमध्ये करतेय. त्याने काय फरक पडतो?

पाटीपेन्सिल: सगळा फरक त्यानेच पडतो. एक्सेल 15 अंकच राखतं, पुढे शून्य भरतं. 2 ने गुणल्याचं खरं उत्तर 1176470588235294, सोळा अंकी. शेवटचा 4 गेला. शिवाय हा 1/17 चा आवर्ती भाग (दशांशात पुन्हा पुन्हा येणारे अंक) आहे, तो 0588235294117647 असा लिहायचा. सुरुवातीचं शून्य सोडलंत तर चक्र जुळणार नाही.

रमेश_जी: सेल टेक्स्ट करा, झालं.

पाटीपेन्सिल: दिसेल नीट, पण गुणलं की पुन्हा 15 च अंक. त्यापेक्षा आठ-आठ अंकांचे दोन भाग करा: 05882352 आणि 94117647. आधी उजवा भाग गुणा. आठ अंकांच्या वर जाईल तो हातचा, तो डाव्या भागाच्या गुणाकारात मिळवा.

सूत्रप्रेमी: वैदिक गणितातल्या ‘एकाधिकेन पूर्वेण’ (आधीच्यापेक्षा एकाने जास्त) सूत्राने 1/19 एका ओळीत निघतं: 052631578947368421. मुलांना वैदिक पद्धतच शिकवा. 13 चंही असंच फिरतं.

देवळालीकर: युक्ती सुरेख आहे, पण ताईंनी 19 विचारलेलं नाही. आणि 13 चं तसं फिरत नाही. 076923 ला 2 ने गुणा, 153846 येतं, अंकच वेगळे.

सूत्रप्रेमी: 3 ने गुणून बघा, 230769. फिरलं की!

पाटीपेन्सिल: 3 ने फिरतं, 2 ने नाही. 1 ला 17 ने भागत गेलात तर 1 ते 16 सगळ्या बाक्या एकाच फेरीत येतात, म्हणून 1 ते 16 पैकी कशानेही गुणा, त्याच फेरीत कुठेतरी पोचता. 13 च्या बाक्यांच्या सहा-सहाच्या दोन फेऱ्या पडतात. ताई, तक्त्यावर बाक्यांचं वर्तुळ काढा: 1, 10, 15, 14, 4, 6, 9, 5, 16, 7, 2, 3, 13, 11, 8, 12, परत 1.

चिऊची_आई: दोन भाग करून जमलं! 17 ने गुणून सोळाच्या सोळा 9 आले. पण त्या दोन भागांची नुसती बेरीजही 99999999 येतेय. हा योगायोग का?

पाटीपेन्सिल: नाही. वर्तुळात 1 च्या बरोबर समोर 16 आहे. आठ अंकांनंतर बाकी 16 उरते, म्हणजे उजवा भाग 16/17 ची सुरुवात. 1/17 आणि 16/17 मिळून पूर्ण 1, म्हणून प्रत्येक घरात 9. समोरासमोरची कुठलीही जोडी घ्या, बेरीज 17 च.

देवळालीकर: कोपऱ्यात कापरेकरांच्या प्रसिद्ध स्थिरांकाला, 6174 ला, पण जागा ठेवा.